पाकीट कुणी नेलं, आणि पैसे कुणाकुणाला मिळाले?

कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "वेल्स फार्गोचं नाव छापलेलं एक जुनं पाकीट विकायला आहे. तीन सेंटचं हिरवं तिकीट पाकिटावरच उठावात छापलेलं आहे, व्हर्जिनिया सिटीचा निळा अंडाकृती शिक्का आहे आणि पत्ता सॅन फ्रान्सिस्कोचा. विकणारा 'पोनी एक्स्प्रेसच्या काळातलं, अतिशय दुर्मीळ' म्हणतो आणि अडीचशे डॉलर मागतो. घ्यावं का? आणि या जुन्या एक्स्प्रेस कंपन्यांची खरोखर दुर्मीळ पाकिटं जमवायची तर सुरुवात कुठून करावी?"

अडीचशेला घेऊ नका. पोनी एक्स्प्रेस, म्हणजे घोडेस्वारांकरवी टपाल नेणारी सेवा, बंद पडली ऑक्टोबर १८६१ मध्ये, आणि तीन सेंटचं ते हिरवं उठावाचं तिकीट १८७० च्या आधी सरकारी पाकिटांवर नव्हतंच. नेवाडातल्या या व्हर्जिनिया सिटीत १८७० साली रेल्वे पोचली आणि १८७२ मध्ये तो फाटा रेनोपर्यंत जोडला गेला. म्हणजे तुमचं पाकीट घोड्यावरून नव्हे, बहुधा आगगाडीच्या डब्यातून डुलत डुलत सॅन फ्रान्सिस्कोला आलं. चांदीच्या खाणी जोरात असताना त्या गावातून अशी पाकिटं ढिगानं निघत होती. पाकीट खोटं नाही, त्याला चिकटवलेली गोष्ट खोटी आहे. हा फरक कळला की या छंदाचा बराचसा भाग कळला, म्हणून बाकीचं उत्तर जरा पसरून देतो.

मी सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि गेली पंचवीसेक वर्षं ही पाकिटं जमवतो. नव्या माणसाला वेल्स फार्गोसारख्या या एक्स्प्रेस कंपन्या म्हणजे कुरिअर वाटतात. मला विचाराल तर झवेरी बाजारातला आंगडिया डोळ्यांसमोर आणा. मुख्य धंदा सोनं इकडून तिकडे सुखरूप पोचवण्याचा. त्याच पिशवीत हुंडी, त्यातच निरोप आणि त्यातच पत्रं. सगळा व्यवहार नावावर आणि विश्वासावर. पत्र हा त्या धंद्यातला चिल्लर भाग होता. आज आपल्या हाती तेवढीच चिल्लर उरली आहे.

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात कोलोमाला सोनं सापडलं आणि वर्षभरात जगातून माणसं लोटली. सरकारी टपाल बोटीनं पनामाला, तिथून जमिनीवरून पलीकडे आणि पुन्हा बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला येई. बोट लागली की पोस्टाच्या खिडकीसमोर रांगाच रांगा. पण ज्याचं पत्र तो माणूस दीडदोनशे मैल आत, डोंगरात, गुडघाभर पाण्यात वाळू चाळत बसलेला. रांगेत उभं राहायला तो आला तर आठवड्याची कमाई बुडणार. शिवाय आज या दरीत, उद्या त्या नदीवर, त्यामुळे त्याचा पक्का पत्ता पोस्टाला तरी कुठून माहीत असणार?

१८४९ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर टॉड नावाच्या माणसानं ही अडचण ओळखली. खाणीवरच्या लोकांची नावं वहीत लिहून घ्यायची, सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन त्या नावांची पत्रं सोडवायची आणि डोंगरात नेऊन द्यायची. एका पत्राला एक औंस सोनं घेई म्हणतात, म्हणजे तेव्हाच्या भावानं सोळा डॉलर! घरचं पत्र दहा महिन्यांनी हाती पडत असेल तर माणूस घासाघीस करत नाही. याच टॉडबद्दल असंही सांगतात की त्यानं एक जुनी होडी घेतली, खाडी ओलांडायला प्रत्येक उतारूकडून सोळा डॉलर घेतले आणि वर वल्ही त्यांनाच मारायला लावली.

टॉडच्या मागोमाग डझनावारी लोक या धंद्यात उतरले. कुणाकडे एक खेचर, कुणाकडे चार घोडे. मोठ्यांमध्ये आधी अ‍ॅडम्स अँड कंपनी. १८५२ मध्ये हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी न्यूयॉर्कला कंपनी काढली आणि त्याच उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत दुकान मांडलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये मोठी पेढी बुडाली, तिच्या धक्क्यानं २३ तारखेला अ‍ॅडम्सचे दरवाजे बंद झाले ते कायमचे. वेल्स फार्गोनंही दार लावलं, पण हिशेब तपासून काही दिवसांत पुन्हा उघडलं. तिथून पुढची चाळीस वर्षं पश्चिमेत पत्र नेणारी कंपनी म्हणजे वेल्स फार्गो. १८९५ मध्ये त्यांनी पत्रांचं काम थांबवलं.

आता दुर्मीळपणाचं गणित मांडता येतं. वेल्स फार्गोनं चाळीसहून अधिक वर्षं पत्रं नेली, म्हणून तिची पाकिटं भरपूर. अ‍ॅडम्सला पाचसहा वर्षंच मिळाली, म्हणून तिची कमी. आणि एखाद्या दरीत दोन हंगाम खेचर हाकून गायब झालेल्या माणसाची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाकीट किती जुनं आहे यावर भाव ठरत नाही आणि कंपनीचं नाव किती ओळखीचं आहे यावर तर मुळीच नाही. उलट नाव जितकं ओळखीचं तितकं पाकीट स्वस्त, असं धरून चाललात तर क्वचितच चुकाल.

पाकीट हातात आलं की मी तीन प्रश्न विचारतो. कुणी नेलं? कुठून कुठपर्यंत नेलं? आणि पैसे कुणाकुणाला मिळाले? यातला तिसरा प्रश्न नवखे सोडून देतात, आणि फसतात ते तिथेच.

कारण पैसे दोघांना मिळायचे. टपाल ही सरकारची मक्तेदारी. खासगी कंपनीनं पोस्टाच्या रस्त्यावर पत्र न्यायचं तर सरकारचा टपालखर्च भरलेला असला पाहिजे. १८५२ च्या कायद्यानं वाट काढून दिली: तिकीट छापलेल्या सरकारी पाकिटात पत्र असेल तर ते कुणीही न्यावं. पुढच्या वर्षी ती उठावाची पाकिटं बाजारात आली. कंत्राट नेस्बिट यांचं, म्हणून संग्राहक त्यांना 'नेस्बिट'च म्हणतात. कंपन्या ती पाकिटं गठ्ठ्यानं विकत घेत, त्यांवर 'पैसे भरले' आणि स्वतःचं नाव छापून घेत आणि तीन सेंटचं पाकीट दहाला विकत. कंपनीच्या त्या छापाला फ्रँक म्हणतात. सरकारला घरबसल्या तीन सेंट मिळत, पत्र मात्र नेई दुसराच. गंमत म्हणजे पोस्ट असलेल्या गावातही लोक हे जास्तीचे पैसे आनंदानं देत, कारण कंपनीचं पत्र पोचायचं.

म्हणून सरकारी दर पाठ असलेच पाहिजेत, आणि ते फार नाहीत. १८५१ च्या मध्यापर्यंत पूर्व किनाऱ्याला पत्र धाडायला ४० सेंट. १ जुलै १८५१ पासून तीन हजार मैलांपलीकडे आगाऊ भरले तर ६, न भरता १०. त्याच्या आतल्या अंतराला ३ आणि ५. १ एप्रिल १८५५ पासून लांबचं पत्र १० सेंट आणि आगाऊ भरणं सक्तीचं. १ जुलै १८६३ पासून देशभर कुठेही ३. आता १८५८ चं म्हणून कुणी तुम्हाला तीन सेंटचं फ्रँक पाकीट दाखवलं, कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कला गेलेलं, तर आधी बाकीचे सात सेंट शोधायचे. चिकटवलेली तिकिटं असतील, किंवा उपटून नेल्याची खूण असेल. काहीच नसेल तर साल तरी चुकलंय नाहीतर पाकीट तरी.

सालावरून आठवलं. कंपन्यांच्या शिक्क्यांवर बहुतेक वेळा गाव, महिना, तारीख असते, पण साल नसतं. त्या काळच्या कारकुनाला गरज नव्हती; आपल्याला मात्र डोकं फोडून घ्यावं लागतं. साल काढायचं ते पाकिटावरच्या तिकिटाच्या छापावरून, फ्रँकच्या ठेवणीवरून आणि पत्र मिळाल्यावर कुणी कडेला शाईनं नोंद करून ठेवली असेल तर तिच्यावरून. आत पत्र असेल तर सोन्याहून पिवळं. पिठाचा भाव, नदीचं पाणी, अमका आजारी, तमका परत गेला, असं वाचता वाचता साल आपोआप सापडतं. पत्र काढून टाकून नुसतं पाकीट विकणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही.

मला स्वतःला सगळ्यात गोडी आहे ती दोन कंपन्यांच्या जोडीच्या पाकिटांची. डाउनीव्हिल हे युबा नदीच्या वरच्या अंगाचं गाव. तिथे लँग्टनची एक्स्प्रेस होती. लँग्टनचा माणूस डोंगर उतरून मेरीसव्हिलपर्यंत यायचा. तिथून पुढे सपाट मुलूख आणि नदीतल्या आगबोटी, तो टापू मोठ्या कंपन्यांचा. मग एकाच पाकिटावर लँग्टनचा फ्रँक, मोठ्या कंपनीचा शिक्का आणि सरकारचं तिकीट असं त्रिकूट भेटतं. तिघांचे पैसे, तिघांची हद्द. अशा पाकिटावरून नकाशावर बोट फिरवत जाता येतं.

उत्तरेला फेदर नदीच्या खोऱ्यात व्हायटिंगची एक्स्प्रेस होती. बर्फ पडला की खेचरं निरुपयोगी, तेव्हा हा गडी कुत्र्यांना जुंपलेल्या घसरगाड्यांतून टपाल न्यायचा. वर आजच्या कॅनडाच्या हद्दीत, तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, फ्रेझर नदीवर १८५८ मध्ये सोनं लागलं तेव्हा बॅलू, पुढे डिएट्झ अँड नेल्सन, बर्नार्ड अशी नावं दिसतात. बर्नार्डनं सुरुवातीला पाठीवर पिशवी टाकून येल गावापासून कॅरिबूच्या खाणींपर्यंत पायपीट केली. त्या भागातून व्हिक्टोरियामार्गे अमेरिकेत आलेल्या पाकिटांवर वसाहतीचं टपाल, अमेरिकेचं टपाल आणि एक्स्प्रेसचा आकार असे तीन वेगळे पैसे भरलेले दिसतात. ही पाकिटं माझ्या खिशाला परवडत नाहीत. लिलावाआधी मांडून ठेवलेली असतात तेव्हा जाऊन पाहून येतो, फुकट आहे.

पोनीबद्दल थोडक्यात, कारण तिच्याबद्दल सगळेच बोलतात. ३ एप्रिल १८६० ला सुरू, मिसुरीतल्या सेंट जोसेफपासून सॅक्रामेंटोपर्यंत, सुमारे १,९०० मैल, दहा दिवसांत. सुरुवातीला अर्ध्या औंसाला ५ डॉलर, एप्रिल १८६१ मध्ये २, जुलैपासून १. त्याच ऑक्टोबरात तारायंत्राच्या तारा जुळल्या आणि दोन दिवसांत पोनीचा कारभार आटोपला. जेमतेम दीड वर्ष. आज माहीत असलेली अस्सल पाकिटं सुमारे अडीचशे, आणि प्रत्येकाची नोंद अभ्यासकांकडे आहे. म्हणजे कुणाच्या माळ्यावर आणखी एक सापडलं तर त्याची बातमी होते. ते कुणी ऑनलाइन दोनशे डॉलरला विकत नाही. त्यातली दोन तर लुटल्या गेलेल्या थैलीतली आहेत. १८६० मध्ये वाटेत ती थैली गेली आणि दोन वर्षांनी सापडून पत्रं पोचती झाली. एकावर शाईनं तशी नोंदही आहे.

पोनीच्या नावानं बाजारात जे फिरतं त्यात १९६० च्या शताब्दीच्या दौडीची स्मरण-पाकिटं पुष्कळ. ती गमतीची आहेत, मुलांना दाखवायला घ्या, पण त्यांना शंभर वर्षांनी म्हातारं करू नका. घोडेस्वाराचं चित्र असलेली वेल्स फार्गोची डॉलरवाली तिकिटंही सुटी मिळतात. त्यांचे मागाहून काढलेले छाप आहेत, त्यामुळे तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय मूळ समजू नयेत. आणखी एक घोटाळा: व्हर्जिनिया सिटी ते सॅन फ्रान्सिस्को अशी वेल्स फार्गोची एक वेगळी पोनी १८६२ पासून काही वर्षं धावत होती, तिची १० आणि २५ सेंटची तिकिटं होती. तुमच्या विक्रेत्यानं कदाचित ही नि ती पोनी एकाच खुंटीला बांधली असावी. तुमच्या पाकिटावर मात्र तसलं तिकीट नाही, आणि साल तर त्याहून पुढचं.

आता बनावटगिरी. पाकिटं खोटी क्वचितच असतात; खोटं असतं ते अस्सल पाकिटावर नंतर चढवलेलं. दोन डॉलरचं जुनं नेस्बिट घ्यायचं, त्यावर एखाद्या छोट्या एक्स्प्रेसचा शिक्का उठवायचा, की झाले पाचशे. वीस वर्षांपूर्वी मी असा फसलो. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून सहाशे डॉलरला पाकीट घेतलं, सरळ ओळीतला सुबक शिक्का, गाव मला हवं तेच. घरी येऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "इतकं स्वच्छ कसं काय?" मी हसण्यावारी नेलं. चार महिन्यांनी तपासणीहून परत आलं ते 'शिक्का नंतरचा' या शेऱ्यासह. पाकिटाला डाव्या बाजूला बारीकशी चीर होती आणि शिक्क्याची शाई त्या चिरेच्या आतल्या धाग्यांत उतरली होती. पाकीट फाटलं आधी, शिक्का बसला नंतर. भिंगातून दहा सेकंदांत दिसलं असतं. तेव्हापासून चिरा, घड्या आणि झिजलेल्या कडा मी शिक्क्याच्या आधी पाहतो. शाई घडीवरून सलग गेली आहे, की घडीनं शाई मोडली आहे? जुन्या शिक्क्याची शाई घडीबरोबर झिजते. नवी शाई घडीत साचते.

म्हणून ठरावीक रकमेच्या वरचं, मी दोनशे डॉलर धरतो, काहीही घेताना न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र मागायचं, नाहीतर 'तपासणीत खोटं ठरलं तर पैसे परत' हे लिहून घ्यायचं. विकणारा खळखळ करायला लागला की उठायचं.

दिसण्यावर फार जाऊ नका. खाणीवरच्या माणसानं पाकीट फोडलं ते नखानं नाहीतर सुरीनं. उजवी बाजू थोडी कमी झालेली, माती लागलेली, हे चालतं. छोट्या कंपनीचं पाकीट कोरं करकरीत दिसलं तर मला माझ्या बायकोचा प्रश्न आठवतो. अर्थात छापून ठेवलेली पण न वापरलेली पाकिटंही बऱ्याच कंपन्यांची उरली आहेत. ती खरीच असतात, फक्त त्यांनी प्रवास केलेला नाही. फ्रँकचा नमुना म्हणून एखादं असावं, भावही कमी असतो.

सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर हट्टी आहे: एक नदी निवडा. नाहीतर एक गाव. 'सगळ्या कंपन्यांचं एकेक' असा संग्रह करायला निघालात तर पैसा संपेल आणि हाती ओळखीचे चेहरे येतील, ओळख येणार नाही. मी युबा नदी धरली. रविवारी गाडी काढली की दोन तासांत त्या गावांत पोचतो, काही गावांची तर आता फक्त पाटी आहे. पण नदी धरल्यामुळे झालं काय, तर एकदा पंधरा डॉलरच्या खोक्यात एक साधं नेस्बिट दिसलं, फ्रँक नाही, शिक्का नाही, कोपऱ्यात फिकट शाईत दोन शब्द. ते ज्या एजंटाचं हस्ताक्षर होतं ते मी आधी दुसऱ्या पाकिटावर पाहिलं होतं. विकणाऱ्यानं ते रेघोट्या म्हणून टाकलं होतं. नदी धरली नसती तर मीही टाकलं असतं.

हाती पैसा थोडा असेल तर १८७० ते १८९५ मधली वेल्स फार्गोची पाकिटं घ्या, वीस ते पन्नास डॉलरला चांगली मिळतात, आणि शिक्क्यांतली गावं वाचायला शिका. मेक्सिकोतल्या त्यांच्या कचेऱ्यांची, मेक्सिकोच्या सरकारी पाकिटांवर फ्रँक छापलेली पाकिटंही स्वस्त आणि देखणी. चिनी व्यापाऱ्यांच्या नावची, चिनी अक्षरात पत्ता असलेली पाकिटं दिसली तर थांबा. कंपनीनं १८७८ मध्ये चिनी पेढ्यांची खास यादीच छापली होती, इतका तो व्यवहार मोठा होता. वेस्टर्न कव्हर सोसायटीचं सभासद व्हा. आणि एप्रिलात सॅन फ्रान्सिस्को विमानतळाजवळ वेस्टपेक्स प्रदर्शन भरतं, तुम्हाला तर घरचंच आहे. पहिल्या वर्षी काही घेऊ नका. नुसती टेबलं फिरा आणि म्हाताऱ्या संग्राहकांना प्रश्न विचारा. त्यांना थांबवणं कठीण जाईल.

जपणुकीचं एकच: आपल्याकडच्या सवयीनं लॅमिनेशन करू नका. हसू नका, मी दोन पाहिली आहेत. मायलरच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, साध्या चिवट प्लास्टिकच्या फोल्डरात नको, ते कागदाला खातं. तिकीट सोडवून अल्बममध्ये लावण्याचा मोह झाला तर अल्बमच कुणाला तरी देऊन टाका.

तुमच्या पाकिटाकडे परत येतो. विकणाऱ्याला मागच्या बाजूचा आणि आतून उघडून झाकणाचा फोटो मागा. पत्र आत आहे का विचारा. शिक्क्यातली तारीख स्वच्छ असेल आणि पत्र नसेल तर पस्तीस डॉलर सांगा, चाळिसाला घ्या. पत्र असेल तर मला आधी त्याचा फोटो पाठवा, मग आकडा बोलू.